जून आणि कोवळी

लालबाग,
शनिवार, १३ डिसेंबर २०२५

चि. पूर्वी,

काकांचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. घरात सगळं ठीक आहे. गुडघा दुखतो, पण तो दुखतो तोवर मी चालतोय असा त्याचा अर्थ असल्याचं डॉक्टर सांगतात. शेजारच्या मनूने गावाहून आणलेली कुळथाची पिठी दिली होती, ती दोन दिवस पुरवून खाल्ली. तू वेळेवर जेवतेस का? तुझा बाबा हितेंद्र म्हणत होता, तू हल्ली जेवताना ताटाकडे कमी आणि फोनकडे जास्त बघतेस.

फोन मीही करू शकलो असतो. पण फोनवर तू "काका, ऐका ना" म्हणतेस आणि मी ऐकतो. तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून मला ही खोड लागली आहे. कागद मधेच बोलत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तू पाठवलेलं पाकीट हितेंद्रने बुधवारी आणून दिलं. त्याबद्दल पुढे लिहितो. आज संध्याकाळी तो पुन्हा यायचा आहे, त्याच्याच हाती हे पत्र देईन.

मागच्या महिन्यात आर्थर येऊन गेला. माझगावचा आर्थर तुला आठवत असेल. गोदीत मी लाकडाचे साचे करायचो आणि तो ते वाळूत दाबून त्यात लोखंड ओतायचा. तू शाळेत सांगायचीस, "माझे काका लाकडाची खोटी चाकं करतात, मग आर्थर अंकल खरी करतात." तोच. त्याच्या ओलिव्हियाला कॉम्प्युटरवर मुंबईतल्या मुंगळ्यांविषयीचा एक संशोधनाचा पेपर सापडला. वर तुझं नाव बघून तिने कागद काढून बापाला दिले. तुझं कौतुक करायचं म्हणून बिचारा तीन जिने चढून आला, येताना केकही घेऊन आला. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, एका पानाला अर्धा दिवस लागतो. म्हणून तो वाचत होता आणि मराठीत सांगत होता. मी अभिमानाने ऐकत होतो, हे लिहायला आता जड जातंय.

मधेच थांबून त्याने चष्मा काढला.

"जयवंत, तू शीव कोळीवाड्याला कधी गेलास रे मुंगळे पकडायला? मला नाय बोलावलंस ते."

"मी कुठे गेलो?"

"मग हे काय लिवलंय? एकेचाळीस राण्या. त्यातल्या सोळा कोळीवाड्याच्या. आणि पंचवीस जून महिन्यात धरलेल्या."

मी हसलो, पूर्वी. खरोखर मोठ्याने हसलो. त्या जागी कोणीही मालवणी माणूस हसला असता. मग एकेचाळीस हा आकडा डोक्यात उतरला आणि हसू थांबलं. ज्यांत एकेक राणी ठेवली आहे, त्या माझ्या डब्याही एकेचाळीसच आहेत.

आर्थरने पुढे वाचलं. कोळीवाड्याच्या राण्या तांबूस रंगाच्या, म्हणून त्या वेगळ्या जातीच्या, आणि मुंबईत ही जात फक्त तिथेच मिळते, असं तू लिहिलं आहेस. सगळा डोलारा त्याच एका गोष्टीवर उभा आहे. शेवटच्या ओळीत घरच्यांचे आभार आहेत. आर्थर म्हणाला, "घरचे म्हणजे तू काय?" मी म्हटलं, "असेन." त्याला काय कळायचं ते कळलं. केक कापून माझ्या पुढ्यात ठेवला आणि चहा न घेताच गेला.

आता आमच्या मुंगळ्यांच्या वहीतल्या त्या रकान्याची गोष्ट सांगतो. तू विचारली असतीस तर हीच गोष्ट तुला पोटावरून हात फिरवत, रंगवून सांगितली असती.

तू बारावीला होतीस तेव्हा परळला रस्ता काँक्रीटचा करायला खणला होता. झाडाच्या मुळाशी जेसीबी लागला आणि मुंगळ्यांचं अख्खं घर वर आलं. मी बाजारात निघालो होतो. हातातल्या डब्यात अकरा पंखवाल्या राण्या भरून घरी आलो, भाजी राहूनच गेली. त्यातल्या सात काळ्या कुळकुळीत आणि चार गुळाच्या रंगाच्या. मी तीन दिवस भिंग लावून बसलो. एका घरात दोन जाती! वहीत नव्या जातीला नावही देऊन टाकलं. माझ्यासारख्या पॅटर्नमेकरला दोन रंग दिसले की दोन साचे वाटतात, तसलंच ते.

तुझी काकी भेंडी निवडत होती. ती उठली, भिंगबिंग काही न घेता डब्यात डोकावली आणि म्हणाली, "अवो, दोन जाती कसल्यो? ही कोवळी आसत. जरा जून होवंदे, मगे बघा."

मी तिला म्हटलं, ही भेंडी नव्हे. तिने वाद घातला नाही. त्या चार राण्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकल्या, ओला कापूस ठेवला, तोंडाला मलमलीचा कपडा बांधला. बाराव्या दिवशी चारही काळ्या. मी वहीतलं ते नवं नाव खोडलं. ते खोडलेलं पान तू पाहिलं असशीलच.

त्या दिवसापासून वहीत तो रकाना आला. काकीच्या हाताने लिहिलेला, कारण ती पारख तिचीच होती. राणीचं अंग टणक झालेलं असलं, तिच्या रंगावर भरवसा ठेवता येत असला, तर "जून". नुकती कोशातून निघालेली, रंग अजून चढायचा असला, तर "को.", म्हणजे कोवळी. रकाना अरुंद होता, म्हणून कोवळीचा को. उरला. तारीख आणि जागा आम्ही वहीत लिहीतच नव्हतो. वहीत फक्त नंबर, रंग आणि हा रकाना, बाकी सगळं डबीवर. गोदीतली सवय.

तर तू जून भेंडीचा जून महिना केलास, आणि कोवळीचा कोळीवाडा. ज्या कोळीवाड्यात मी आयुष्यात फक्त एकदा, तेही गोदीतल्या कुशाबाच्या लग्नाला गेलो होतो, तिथे माझ्या सोळा कोवळ्या पोरींना नेऊन बसवलंस. मजेची गोष्ट आहे. काकी असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. तुमच्याकडे भाजी निवडलेली येते, चिरलेली येते, कधी कधी शिजलेलीच येते. तुझ्या कानावर हा शब्द कधी पडला नसेल, तर दोष एकट्या तुझा नाही.

पण तुला तो कळला नव्हता, आणि तरी तू विचारलं नाहीस. हे माझ्या मनातून जात नाही. फोन करून "काका, को. म्हणजे काय हो?" एवढं म्हटलं असतंस तर काम झालं असतं. पण विचारलंस तर वही पाहिलीस हे कळणार होतं. म्हणून अंदाजाने भरलंस.

वही तू कधी पाहिलीस तेही मला आता कळलं आहे. मार्चमध्ये काकीचं वर्षश्राद्ध होतं. पंगत बसली होती आणि तू डोकं दुखतं म्हणून आतल्या खोलीत पडली होतीस. मी दोनदा दाराशी येऊन गेलो, पोर झोपली असेल म्हणून आवाज केला नाही. वाढणाऱ्यांनाही सांगितलं, भांडी आपटू नका. नंतर कपाट उघडलं तेव्हा वहीच्या नाडीला फुलगाठ होती. मी साधी गाठ मारतो. मला वाटलं, वय झालं, आपणच विसरलो. काकीच्या साड्यांखाली हात घालून तू ती वही काढलीस, फोटो घेतलेस आणि परत ठेवलीस, आणि बाहेर माणसं तिच्या नावाने जेवत होती.

मागितली असतीस तर दिली असती. मी ती कोणासाठी ठेवली होती? मला मूलबाळ नाही. नऊ वर्षांची असताना स्टुलावर उभं करून ज्या पोरीच्या डोळ्याला मी भिंग लावलं, तिच्यासाठीच होती ना? "रंग शेवटी बघायचा, आधी गाल बघ," हे तुला मीच शिकवलं. गालावर केस आहेत का, पोटावर राखी लव आहे का, तोंडाची पुढची कड कशी आहे. एवढं करूनही खात्री होत नसेल तर राणीला ओल्या कापसाच्या नळीत एकटी सोडायची आणि तिच्या लेकी जन्मायची वाट बघायची. मोठ्या डोक्याची एक लेक बाहेर आली की आईची जात आपोआप कळते. तू ओरडायचीस, "काका, केस! गालावर केस!" आणि खालच्या मजल्यावरून विचारायला यायचे, पोरीला काय झालं. एवढं सगळं येत असून तू रंगावरून जात ठरवलीस. एक डबी उघडून पाहिली नाहीस.

मला तू फसवलंस, पूर्वी. दुसरा शब्द शोधत होतो, मिळाला नाही.

दिवाळीत तू फराळाला आलीस तेव्हा पेपर छापून झालेला होता. हे तेव्हा मला माहीत नव्हतं, तुला होतं. चकली मोडत तू विचारलंस, "काका, डब्या नीट आहेत ना हो? वाळवी नाही ना लागली?" मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तू गेल्यावर मी सगळ्या डब्या उतरवल्या आणि एकेक पुसून ठेवली. पोरीला अजून आपल्या मुंगळ्यांची आठवण आहे, असं काकीच्या फोटोला सांगितलं.

एक गोष्ट मात्र मला कबूल केली पाहिजे, नाहीतर हे पत्र पुरं व्हायचं नाही. मी साधुसंत नाही.

सात वर्षांपूर्वी शिवाजी पार्कला हर्षवर्धन यांच्या घरी निसर्गवाल्यांची बैठक होती. सगळी निवृत्त, शिकलेली माणसं. आर्थरच्या ओळखीने मला बोलायला बोलावलं होतं. काकी शेवटच्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत आपलीच बरणी होती. मी बोललो ते काळ्या आणि तांबूस राण्यांवरच. रंगावर जाऊ नका, असं ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या. एका बाईंनी विचारलं, "हे तुमच्या लक्षात कसं आलं?" आणि मी म्हणालो, "निरीक्षण करता करता आलं." माझ्या तोंडून ते इतक्या सहज गेलं की नंतर मलाच खरं वाटायला लागलं. काकीने बरणी पिशवीतून बाहेर काढली नाही. परतताना ती एवढंच म्हणाली, "बोललात बरां." मी वाट पाहत होतो की घरी गेल्यावर भांडेल. ती कधीच भांडली नाही. त्यानंतरही रकाना भरत राहिली, शेवटच्या आजारापर्यंत. आणि मी कधी तिचं नाव घेतलं नाही. घ्यायला काय झालं होतं, ते आजही सांगता येत नाही.

तेव्हा चोरीचा पहिला धडाही कदाचित माझ्याकडूनच मिळाला असेल. त्या बैठकीला तूही आली होतीस. समोसे आवडले म्हणाली होतीस.

आता पाकिटाचं.

ते उघडताना मला वाटलं, माफीची चिठ्ठी असेल. खोटं कशाला बोलू, उघडायच्या आधी मी हात धुतले. आत एकेचाळीस छापील चिठ्ठ्या. बारीक अक्षर, सुबक कापलेल्या, डबीच्या मापाच्या. पंचविसांवर जून महिना, सोळांवर शीव कोळीवाडा. डब्यांचं माप तू दिवाळीत घेतलंस का ग? चकली मोडता मोडता?

हितेंद्र समोर बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, संस्थेचा नियम आहे. पेपरमधले नमुने त्यांच्या संग्रहात जमा करायला लागतात. तिच्या मॅडम कधीपासून मागतायत. चिठ्ठ्याच तर बदलायच्या आहेत. मुंगळे काय साक्ष द्यायला येणार आहेत? पोरीच्या करिअरचा प्रश्न आहे रे."

मी विचारलं, "तिने स्वतः का नाही आणल्या?"

"तिला तुझ्यासमोर यायची हिंमत होत नाही."

म्हणजे तुला माहीत आहे. चूक कधी कळली? कोणी दाखवली? आणि कळल्यावर तुला पहिलं सुचलं ते हे, की पासष्टीच्या काकाने डिंक घेऊन बसावं आणि स्वतःच्या हाताने काकीचं अक्षर झाकावं. ते अक्षर तू ओळखतेस. दहावीपर्यंत तुझ्या सगळ्या वह्यांवर नाव तिनेच घातलं होतं.

वहीची चोरी मी पोटात घातली असती. रागावलो असतो, आठ दिवस बोललो नसतो, मग तूच येऊन काहीतरी बडबडली असतीस आणि ते मिटलं असतं. हे पाकीट मिटत नाही. उद्या कोणी तुझ्यासारखीच हुशार पोर तुझा पेपर वाचून जूनमध्ये कोळीवाड्यात हिंडेल, तांबूस राणी शोधेल, रिकाम्या हाताने परत येईल आणि स्वतःच्या डोळ्यांना दोष देईल. तिचा विचार तू केला नाहीस. मी केला, असंही नाही. मी तुझाच केला.

कारण गुरुवारी दुपारी मी डिंक आणला आणि चिकटवायला बसलो.

हो. तुझी फेलोशिप जाईल, हितेंद्र आजारी पडेल, लोक म्हणतील मुंगीला पंख फुटले होते, हे सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी बसलो. तीन चिठ्ठ्या चिकटवल्या. हात स्थिर होता, चिठ्ठ्या सरळ बसल्या. चौथी डबी घेतली, तिच्यावर काकीने जागा होती म्हणून सगळं लिहिलं होतं. "परळ. ऑक्टोबर. कोवळी. आठ दिवस थांबा, घाई करू नका." ते तिने मला लिहिलं होतं. माझ्याच घाईला. ती डबी मी तशीच खाली ठेवली आणि डिंकाच्या बाटलीला झाकण लावलं. रडलो, हे हितेंद्रला सांगू नकोस.

आज सकाळी मी सगळ्या पेट्या घेऊन टॅक्सीने तुझ्या संस्थेत गेलो. डॉ. ऋता मॅडमना भेटलो. तुझ्या मॅडम भल्या आहेत. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी एकेचाळीस डब्या त्यांच्या टेबलावर मांडल्या, जुन्या चिठ्ठ्यांसकट. ज्या तीन डब्यांवर नवी चिठ्ठी आहे त्या वेगळ्या काढून पुढे ठेवल्या आणि सांगितलं की खालची चिठ्ठी खरी, वरची खोटी, आणि वरची मी चिकटवली. त्यांनी विचारलं, "तुम्ही चिकटवलीत, पण छापली कोणी?" मी गप्प राहिलो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही गप्प राहिलो. हे तुझ्यावरच्या मायेने केलं असं समजू नकोस. ते सांगणं तुझं आहे, ते मी कशाला सांगू?

सोमवारी अकरा वाजता त्या बाकीच्या डब्या बघायला बसणार आहेत. पेपरशी ताडून बघणार आहेत. तू दहाला जा. पेपर मागे घ्यावा लागेल, तो घे. नव्याने लिहायचा असेल तर वही मिळेल, डब्या तिथेच आहेत, आणि एकेचाळिसांच्या गालांवरचे केस मोजायला मी तुझ्या शेजारी बसेन. माझं नाव कुठे नको. पण तांबूस राणी म्हणजे वेगळी जात नव्हे, ती कोवळी राणी, हे पहिल्यांदा कोणी सांगितलं तिथे तुझ्या काकीचं, शेवंती असं पूर्ण नाव आलं पाहिजे, आडनावासकट. मला जे सात वर्षांपूर्वी एका खोलीत जमलं नाही ते तुला छापून करायचं आहे. अवघड आहे. मला माहीत आहे किती.

आणि हे जमणार नसेल तर सोमवारी जाऊ नकोस. तुझ्या मॅडमना वाचता येतं. उरलेल्या अडतीस चिठ्ठ्या या पत्रासोबत परत पाठवतोय, माझ्या घरात मला त्या नकोत.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायची रीत आहे. या खेपेला लिहीत नाही. सोमवारी मॅडमना भेटून झालं की तीन जिने चढून ये आणि वाकून घेऊन जा. दार उघडं ठेवणार नाही. कडी वाजवावी लागेल.

तुझा काका,
जयवंत